सिव्हिलायझेशन ६ : चंद्रगुप्त घेऊन एम्परर लेव्हल – धर्म आपला काढावा की येतील ते नांदू द्यावेत?

डाव_मांडला (दादर)

मंडळी, सिव्हिलायझेशन ६ या साम्राज्य उभारायच्या संगणक-खेळात भारत घेतला की बहुतेक जण नेता म्हणून गांधीजी निवडतात, पण मला चंद्रगुप्तच खेळायचा आहे. सेटिंग अशी: गॅदरिंग स्टॉर्म (खेळाची विस्तारित आवृत्ती), शेवटपर्यंतचे सगळे अपडेट, काँटिनेंट्स नकाशा, स्टँडर्ड साइज म्हणजे आठ संस्कृती, स्टँडर्ड स्पीड, एम्परर (किंगच्या वरची, जास्त अवघड पातळी). किंगवर हा डाव नीट जमतो. एम्पररवर पहिल्या शंभर टर्नमध्येच शेजारी हातचा निसटतो.

तीन ठिकाणी अडतं. वारू (भारताचं खास हत्तीचं युनिट) तयार होईपर्यंत शेजाऱ्याच्या भिंती उभ्या राहिलेल्या असतात. स्टेपवेल, म्हणजे आपली बारव, नेमकी कुठे घालायची याचा हिशेब लागत नाही. आणि धर्माचं काय करायचं? प्रॉफेटच्या (धर्म स्थापन करणाऱ्या महापुरुषाच्या) मागे लागलं तर सेटलर (नवं शहर वसवणारे) मागे पडतात. नाही लागलं तर भारताची खासियतच वाया जाते असं वाटतं. कृपया आकड्यांसकट सांगा.

षटकोन

किंग आणि एम्परर यांत फरक नेमका कुठे पडतो ते आधी पाहू. किंगवर संगणक एका सेटलरने सुरुवात करतो, एम्पररवर दोन सेटलरने. म्हणजे पहिल्या टर्नलाच तो एक शहर पुढे. त्यात प्रॉडक्शन आणि गोल्ड ४० टक्के जास्त, सायन्स, कल्चर आणि फेथ (धर्माचं चलन) १६ टक्के जास्त, लढाईत +२. किंगवर हेच आकडे २० टक्के, ८ टक्के आणि +१ असतात. हा फरक पहिल्या पन्नास-साठ टर्नमध्ये शहरांच्या संख्येनेच भरून काढायचा असतो. तिथे देऊळ, वंडर किंवा फौज यांतलं काहीही आधी आलं की गाडी चुकते.

राजधानीतला क्रम (कंसात प्रॉडक्शनमधली किंमत): स्काउट (३०), स्लिंगर (३५), सेटलर (८०), बिल्डर (५०), पुन्हा सेटलर. पहिला सेटलर ८० ला पडतो आणि पुढचा प्रत्येक ३० ने महाग होतो: ११०, १४०, १७०. सेटलर निघाला की शहराची लोकसंख्या एकाने घटते, आणि लोकसंख्या २ झाल्याशिवाय तो निघतच नाही. म्हणून पहिल्या दहा टर्नमध्ये नागरिक खाणीवर न बसवता अन्नाच्या टाइलवर (नकाशाच्या षटकोनी घरावर) बसवा. ‘अर्ली एम्पायर’ सिव्हिक (कल्चरने मिळणारा शोध) मिळालं की कॉलनायझेशन हे धोरणाचं कार्ड लावा, सेटलरना ५० टक्के जास्त प्रॉडक्शन मिळतं. या सिव्हिकची इन्स्पिरेशन (खर्चातली सूट) एकूण लोकसंख्या ६ झाली की मिळते. म्हणजे दुसरं शहर लवकर वसवलं तर ती आपोआप पदरात पडते.

युरेका (टेकसाठी, म्हणजे तंत्रज्ञानासाठी) आणि इन्स्पिरेशन (सिव्हिकसाठी) प्रत्येकी ४० टक्के खर्च वाचवतात. चंद्रगुप्तासाठी यातल्या चार सोडू नका: स्लिंगरने एक युनिट मारा (आर्चरी), कुरण बांधा (हॉर्सबॅक रायडिंग), तीन बार्बेरियन (रानटी टोळीवाले) मारा (ब्रॉन्झ वर्किंग), बार्बेरियनांचा एक तळ उठवा (मिलिटरी ट्रॅडिशन). शेवटच्या दोन एकाच मोहिमेत होतात.

बार्बेरियनांचा स्काउट शहराजवळ आला आणि त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसलं, तर तो तळाकडे परतायच्या आत मारायचाच. तो पोचला की टोळी निघते आणि सेटलर घरात अडकतो. एम्पररवर पहिला डाव बहुधा इथेच बिघडतो, शेजाऱ्यामुळे नाही.

हत्तीखाना

वारूबद्दल मी लिहितो. आधी नावाचं: मराठीत वारू म्हटलं की घोडा डोळ्यांसमोर येतो, गेममध्ये तो हत्ती आहे. संस्कृतात हत्तीला वारण म्हणतात, ते लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

किंमत १२० प्रॉडक्शन, ताकद ४०, चाल फक्त २. हॉर्सबॅक रायडिंगला मिळतो, घोडे किंवा लोखंड लागत नाही. त्याला खेटून असलेल्या प्रत्येक शत्रू युनिटची ताकद ५ ने घटते, आणि दोन वारू शेजारी असतील तर १० ने. भालेकरी घोडदळाविरुद्ध +१० मिळवतो, म्हणून लोक स्पिअरमनला घाबरतात. हिशेब करा: स्पिअरमन २५, अधिक १० म्हणजे ३५. दोन वारू खेटले की पुन्हा २५. समोर ४०. एकटा वारू कधीही पुढे पाठवू नका, जोडीने चालवा.

आता चंद्रगुप्ताचं अर्थशास्त्र. ‘वॉर ऑफ टेरिटोरियल एक्स्पान्शन’ जाहीर केलं की पहिल्या दहा टर्न सगळ्या युनिटांना चाल +२ आणि ताकद +५. वारूची चाल २ वरून ४ होते, म्हणजे त्याचा मुख्य दोषच निघून जातो. जवळ क्लासिकल काळाचा ग्रेट जनरल असेल तर आणखी चाल +१, ताकद +५. पाच चालीचा आणि पन्नास ताकदीचा हत्ती त्या काळात कोणाला आवरत नाही.

पण या युद्धाला अटी आहेत, आणि त्या आठवेपर्यंत वेळ गेलेली असते. मिलिटरी ट्रेनिंग सिव्हिक हवं. तुमची दोन शहरं शत्रूच्या दोन शहरांपासून दहा टाइलच्या आत हवीत. शत्रूचा जाहीर निषेध आधी करून पाच टर्न जाऊ द्यायच्या असतात.

मिलिटरी ट्रेनिंगकडे दोन वाटा जातात, मिलिटरी ट्रॅडिशन आणि गेम्स अँड रिक्रिएशन, आणि दोन्ही पूर्ण लागतात. त्याची इन्स्पिरेशन एन्कॅम्पमेंट (लष्करी डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराचा खास विभाग) बांधल्यावर मिळते. तुमच्या भिंतींच्या तक्रारीचं मूळ मला इथे दिसतं: हॉर्सबॅक रायडिंग आधी येतं, सिव्हिक पंचवीस-तीस टर्न मागून येतं, आणि त्या मधल्या काळात वारू बांधून नुसते उभे असतात. उलट करा. एन्कॅम्पमेंटची जागा ब्रॉन्झ वर्किंग मिळताच टाकून ठेवा, कारण डिस्ट्रिक्टची किंमत टेक आणि सिव्हिकबरोबर वाढत जाते आणि जागा टाकली की ती गोठते. प्रत्येक शहरात मॉन्युमेंट लवकर घाला, कल्चर तिथूनच येणार. मिलिटरी ट्रॅडिशनने मिळणारं मॅनूव्हर कार्ड लावा: प्राचीन आणि क्लासिकल घोडदळाला ५० टक्के जास्त प्रॉडक्शन. वारूचं वर्गीकरण जड घोडदळात होतं, त्यामुळे त्यालाही लागू. १२० चा हत्ती ८० ला पडतो, चार हत्ती ४८० ऐवजी ३२० ला. गोल्डने विकत घेताना मात्र हे कार्ड कामाला येत नाही, तिथे पूर्ण ४८० गोल्ड मोजावं लागतं.

मिलिटरी ट्रेनिंगला आठ टर्न उरल्या की वारू बांधायला घ्या, सहा उरल्या की निषेध करा, दोन उरल्या की सगळे सीमेपाशी लावा. दहा टर्न युद्ध जाहीर झाल्या क्षणापासून मोजल्या जातात. त्यातल्या तीन नुसत्या चालण्यात गेल्या तर उरतं काय!

डाव_मांडला

मॅनूव्हर कार्ड लक्षातच आलं नव्हतं. पण भिंत असेलच तर?

हत्तीखाना

शहरावर कर्सर नेला की पट्ट्या दिसतात. एकच पट्टी असेल तर भिंत नाही, दोन असतील तर वरची भिंतीची, प्राचीन भिंत १०० गुणांची. बॅटरिंग रॅम मॅसनरीला मिळतो आणि त्याच्यामुळे पायदळाला भिंतीवर पूर्ण मारा करता येतो. घोडदळाला तो फायदा नाही. वारू घोडदळात मोडतो, त्यामुळे रॅम आणून शेजारी चार हत्ती उभे केले तरी भिंतीला ओरखडा उठेल इतकंच.

म्हणून फौज मिश्र ठेवा: तीन वारू, दोन वॉरियर किंवा स्वोर्ड्समन, एक रॅम, दोन आर्चर. वारूंनी बाहेरची युनिटं संपवायची आणि शहराला वेढा घालायचा, पायदळाने रॅमसह भिंत पाडायची, भिंत गेली की शेवटचा घाव पुन्हा वारूचा. वेढा पूर्ण असला, म्हणजे शहराभोवतीची प्रत्येक टाइल तुमच्या ताब्यात किंवा तुमच्या युनिटांच्या धाकात असली, तर शहर दर टर्नला बरं होत नाही. एक टाइल मोकळी राहिली की तीन टर्नची मेहनत वाया.

कलमबहाद्दर

सगळं पटलं, पण धर्म स्वतःचाच हवा. फाउंडर बिलीफ (धर्माचा संस्थापकासाठीचा फायदा) फक्त संस्थापकाला मिळतो. फॉलोअर बिलीफ (धर्म मानणाऱ्या शहराला मिळणारा फायदा) निवडायची संधी मिळते. भारताच्या मिशनरींना दोन चार्ज (धर्म पसरवायच्या खेपा) जास्त, तीनऐवजी पाच, म्हणजे प्रसार स्वस्त. स्टँडर्ड साइजवर पाचच धर्म निघतात. आठ जणांत पाच जागा असताना ती सोडायची कशाला? ॲस्ट्रॉलॉजी आधी, होली साइट (धार्मिक डिस्ट्रिक्ट), श्राइन (त्यातली पहिली इमारत), मग ‘होली साइट प्रेयर्स’ प्रोजेक्ट. प्रॉफेटला ६० गुण लागतात, होली साइट आणि श्राइन मिळून टर्नला २ देतात, बाकीचे प्रोजेक्टमधून.

षटकोन

@कलमबहाद्दर, गांधीजींसाठी तुमचं म्हणणं मी मान्य करतो. त्यांना भेटलेल्या आणि युद्धात नसलेल्या प्रत्येक धर्मसंस्थापक संस्कृतीमागे ५ फेथ मिळतो, आणि त्यात स्वतः भारतही धरला जातो. तिथे धर्म काढण्याला थेट मोबदला आहे. चंद्रगुप्ताकडे ते नाही. त्याला त्याच काळात एन्कॅम्पमेंट हवी, मॉन्युमेंट हवीत, पाच शहरं हवीत. राजधानीला लोकसंख्या १ ला एक डिस्ट्रिक्ट आणि दुसरा ४ ला मिळतो. पहिली जागा होली साइटला दिली की बाकी सगळं मागे सरकतं, आणि एम्पररवर एवढं करूनही पाचवा प्रॉफेट दुसऱ्याने नेला तर हाती फक्त एक रिकामं देऊळ उरतं.

त्याहून महत्त्वाचं, ‘धर्म’ ही भारताची खासियत नीट वाचा. शहरात ज्या ज्या धर्माचा निदान एक अनुयायी आहे, त्या प्रत्येकाचा फॉलोअर बिलीफ त्या शहराला लागतो. बाकी संस्कृतींना फक्त बहुसंख्य धर्माचा लागतो. वर प्रत्येक धर्मामागे एक अमेनिटी (नागरिकांना खूश ठेवणारी सोय). म्हणजे एकाच धर्माने भरलेलं शहर भारतासाठी सगळ्यात दुबळं!

उदाहरण घ्या. लोकसंख्या १०, सहा एका धर्माचे, तीन दुसऱ्याचे, एक तिसऱ्याचा. पहिल्याचा बिलीफ वर्क एथिक: होली साइटचा शेजारगुण (शेजारच्या टाइलमुळे मिळणारा बोनस) जेवढा, तेवढं प्रॉडक्शनही. डोंगरांमध्ये +४ ची जागा असेल तर +४ प्रॉडक्शन. दुसऱ्याचा कोरल म्युझिक: श्राइनचे २ आणि टेम्पलचे ४ फेथ, तेवढंच कल्चर, म्हणजे +६. तिसऱ्याचा जेझुइट एज्युकेशन: कॅम्पस आणि थिएटर स्क्वेअरच्या इमारती फेथने विकत घेता येतात. त्या शहरात तीन अमेनिटी फुकट. आणि यातला एकही धर्म तुम्ही काढलेला नाही, त्यावर एक हातोडाही (प्रॉडक्शन) खर्च केलेला नाही.

अट एवढीच की हे बहुतेक बिलीफ होली साइट, श्राइन आणि टेम्पल यांवर लटकतात. म्हणून होली साइट बांधायच्याच, पण युद्ध संपल्यावर, शंभराव्या टर्नच्या आसपास, जवळजवळ प्रत्येक शहरात. प्रॉफेटसाठी धावत सुटायची गरज नाही.

कलमबहाद्दर

बरं, पण परके धर्म येणार कसे आणि टिकणार कसे? एक मिशनरी आला की सगळं शहर त्याच्या बाजूला जातं.

षटकोन

येण्याच्या तीन वाटा. धार्मिक युनिटांना सीमा अडवत नाहीत, त्यामुळे परका मिशनरी फिरत आला तर येऊ द्या, युद्ध करून त्याला मारू नका. दुसरी वाट व्यापाराची: व्यापारी मार्गावरून धर्माचा दाब दोन्ही शहरांत जातो आणि भारताच्या मार्गांवर तो दुप्पट असतो. ज्या परक्या शहरात तुम्हाला हवा तो धर्म आहे तिथे मुद्दाम मार्ग पाठवा. सोन्याचे दोन-तीन तुकडे कमी मिळाले तरी चालेल. तिसरी वाट फार कमी लोक वापरतात. तुमचं एखादं शहर परक्या धर्माचं झालं आणि तिथे श्राइन असेल, तर त्याच धर्माचा मिशनरी तुम्हाला फेथने विकत घेता येतो. त्याला पाच चार्ज. तोच धर्म तुमच्या उरलेल्या शहरांत एकेक चार्जने पेरा.

टिकण्याचं गणित लोकसंख्येचं आहे. शहरात प्रत्येक धर्माचा साठलेला दाब असतो आणि अनुयायी त्या दाबाच्या प्रमाणात वाटले जातात. चार लोकसंख्येच्या शहरात एक अनुयायी म्हणजे एकूण दाबाचा साधारण चौथा हिस्सा. दहाच्या शहरात दहावा हिस्सा पुरतो. म्हणून लहान शहरात अल्पसंख्य धर्म पुसला जातो आणि मोठ्या शहरात तग धरतो. भारताचा सगळा डाव मोठ्या शहरांवर का उभा आहे त्याचं कारण हेच, आणि बारव तिथेच कामाला येते.

इन्क्विझिटर अजिबात घेऊ नका, तो इतर धर्मांचा दाब उखडतो. आणि एक धोका सांगून ठेवतो: एखादा धर्म प्रत्येक संस्कृतीच्या निम्म्याहून अधिक शहरांत बहुसंख्य झाला की त्याचा मालक धार्मिक विजय घेतो. दर दहा टर्नला धर्माची लेन्स (नकाशावर धर्म दाखवणारं दृश्य) उघडा. तुमच्या निम्म्याहून अधिक शहरांत एकाच परक्याचं बहुमत दिसलं तर दुसऱ्या धर्माचे मिशनरी घेऊन तोल सांभाळा.

सोपारा_बंदर

इतिहासाच्या बाजूने थोडं. खेळातली ही खासियत उगाच चिकटवलेली वाटत नाही. चंद्रगुप्ताचा नातू अशोक, त्याच्या बाराव्या शिलालेखात सगळ्या पंथांच्या साराची वाढ व्हावी आणि केवळ आपल्या पंथाची स्तुती, दुसऱ्याची निंदा विनाकारण करू नये, असं कोरलेलं आहे. गिरनारच्या खडकावर हा लेख आहे. आपल्या नालासोपाऱ्यात, म्हणजे प्राचीन शूर्पारकात, आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे निघाले. आठव्याचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना मिळाला. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा लेख ठेवलेला आहे. ब्राह्मी अक्षरं किती उथळ आणि किती सरळ कोरलीत ते काचेजवळ जाऊन पाहण्यासारखं आहे.

दुसरं, चंद्रगुप्त जेव्हा प्रतिस्पर्धी म्हणून येतो तेव्हा त्याला शेजारी खुपतात आणि दूरचे आवडतात. कौटिल्याच्या मंडल सिद्धान्ताचा हा सरळ वापर: विजिगीषूच्या (जिंकू पाहणाऱ्या राजाच्या) सीमेला लागून असलेला तो अरि, अरिच्या पलीकडचा तो मित्र. तुम्ही चंद्रगुप्त खेळतानाही हेच करा. ज्याच्यावर चालून जायचं त्याच्या पाठीमागच्या संस्कृतीकडे पहिल्या भेटीपासून प्रतिनिधी आणि भेटी पाठवा. युद्धात तो दुसऱ्या बाजूने दाबत राहतो. सेल्युकसशी तह करताना ५०० हत्ती देऊन पश्चिमेची सीमा शांत केली होती, तेही याच विचाराने.

बारव

टोपणनाव सार्थ करतो. बारवेचे नियम: इरिगेशनला मिळते, टेकडीवर होत नाही, दोन बारवा एकमेकींना खेटून होत नाहीत. देते १ अन्न आणि १ हाउसिंग (लोकसंख्येला मिळणारी राहायची जागा). शेताला खेटून असेल तर आणखी १ अन्न, होली साइटला खेटून असेल तर १ फेथ. सॅनिटेशननंतर आणखी १ हाउसिंग. दुष्काळात त्या टाइलचं अन्न जात नाही.

चूक कुठे होते? लोक सपाट जमिनीच्या मधोमध बारव आणि भोवती सहा शेतं असं फूल काढतात. दिसायला सुंदर, पण हिशेब बघा. फ्यूडलिझमनंतर प्रत्येक दोन शेजारी शेतांमागे शेताला १ अन्न वाढतं. मध्ये शेत असतं तर त्याला सहा शेजारी, म्हणजे +३, मूळ १ धरून ४ अन्न. मध्ये बारव असेल तर २ अन्न. कडेच्या सहा शेतांना दोन्ही वेळा +१ च मिळतो, कारण त्यांचे शेजारी दोन असोत की तीन, जोडी एकच बसते. म्हणजे मधल्या बारवेने तुम्ही २ अन्न देऊन अर्धं हाउसिंग घेता, कारण शेतही अर्धं हाउसिंग देतंच. मधलं घर शेताचंच.

बारव कडेला ढकला. होली साइट, एक सपाट टाइल, आणि पलीकडे शेतांचा त्रिकोण, अशा सांध्यात ती घातली की २ अन्न, १ हाउसिंग, १ फेथ, आणि शेतांची एकही जोडी मोडत नाही. तीन शेतांचा त्रिकोण असेल तर प्रत्येकाला दोन शेजारी, म्हणजे तिघांनाही +१. त्रिकोणाला हात न लावता बाहेरच्या कोपऱ्यावर बारव.

आणि ती सगळीकडे सारखी मोलाची नाही. नदीकाठचं शहर ५ हाउसिंगने सुरू होतं, समुद्रकाठचं ३ ने, कोरडं २ ने. लोकसंख्या हाउसिंगच्या एकाने खाली आली की वाढ निम्मी होते, बरोबरीला आली की चौथाई. कोरड्या शहरात बिल्डरचा पहिला चार्ज बारवेला, नदीकाठी तो तिसरा-चौथा. हे उलटं करणारे खूप दिसतात, कारण नदीकाठी सपाट जमीन दिसते आणि हात तिकडे जातो.

विरार_फास्ट

आयपॅडवर लोकलमध्ये खेळणाऱ्यांसाठी: ऑनलाइन स्पीडला डाव २५० टर्नचा, स्टँडर्डला ५०० चा. ऑनलाइनला टेक निम्म्या खर्चात येतात, पण हत्तीची चाल तेवढीच राहते. वारूचा काळ अर्ध्यावर येतो. त्या स्पीडला शेजारी दहा-बारा टाइलच्या आत असेल तरच हल्ल्याचा विचार करा.

माहीमची_खाडी

बंदराच्या शहराबद्दल कोणी लिहिलं नाही. हार्बरला सिटी सेंटरला खेटून +२, प्रत्येक सागरी रिसोर्समागे +१. कमर्शियल हबला हार्बरला खेटून +२, नदीला खेटून +२. म्हणून सिटी सेंटर, हार्बर आणि हब असा त्रिकोण जमेल अशी जागा शोधा, नदीचं मुख असेल तर उत्तम. मुंबईच्या नकाशासारखी चिंचोळी जमीन असली तरी होतो, फक्त शेतांना जागा उरत नाही, मग लाइटहाउस आणि मासेमारीवर पोसायचं.

गॅदरिंग स्टॉर्ममध्ये किनाऱ्याच्या काही टाइल १, २ किंवा ३ मीटर उंचीच्या सखल म्हणून दाखवतात. टाइलवर कर्सर ठेवला की वाचता येतं. समुद्र चढला की १ मीटरवाल्या आधी बुडतात. फ्लड बॅरियर थेट कॉम्प्युटर्स टेकला मिळतो आणि सखल टाइल जितक्या जास्त तितका तो महाग. त्यामुळे कॅम्पस किंवा होली साइट १ मीटरवर कधीच टाकू नका. पावसाळ्यात भरतीच्या वेळा बघून बाहेर पडणाऱ्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

डाव_मांडला

सगळं जमवून टर्न ९८ पर्यंत आलो. पाच शहरं, चार वारू, शेजाऱ्याचं एक शहर घेतलं. पण त्याची लॉयल्टी (शहराची निष्ठा) दर टर्नला ११ ने घटतेय. नऊ-दहा टर्नमध्ये बंड होईल. सोडून द्यावं का?

हत्तीखाना

सोडू नका. लॉयल्टीचा दाब नऊ टाइलच्या आतल्या शहरांतून येतो, प्रत्येक नागरिकामागे १, आणि दर टाइलला १० टक्के घटत जातो. म्हणजे त्या शहराला दाबतंय कोण, ते बघा: बहुधा चार-पाच टाइलवरचं शत्रूचं मोठं शहर. तेच पुढचं लक्ष्य. ते पडलं की त्याच नागरिकांचा दाब तुमच्या बाजूने लागतो. दहा टर्नच्या मुदतीतल्या किती उरल्या आहेत?

डाव_मांडला

चार.

हत्तीखाना

मग आजच्या टर्नला हे करा. गव्हर्नर तिथे पाठवा, तो बसला की टर्नला +८. बाकीच्यांना बसायला पाच टर्न लागतात, व्हिक्टर नावाच्या गव्हर्नरला तीन, म्हणून व्हिक्टर. एक जखमी युनिट शहरात ठेवा आणि लिमिटानेई कार्ड लावा, ठाणं असलेल्या शहराला +२. गोल्ड असेल तर मॉन्युमेंट विकत घ्या, +१. एवढ्याने −११ चं शून्य होतं, फक्त व्हिक्टर बसेपर्यंतच्या तीन टर्न कळ काढायची.

वारू आत्ताच निघू द्या, वाटेतली शेतं लुटत. लुटलेलं शेत युनिटाला ५० गुणांनी बरं करतं, त्यामुळे थांबून विश्रांती घ्यावी लागत नाही. त्या मोठ्या शहराला भिंत आहे का तेवढं मात्र आधी पाहा.

षटकोन

आणि जिंकलेल्या शहरात कोणता धर्म आहे ते उघडून बघा. शेजाऱ्याने स्वतःचा काढला असेल तर तो आता तुमच्या घरात आला. तिथे श्राइन असेल तर बंड शमताच एक मिशनरी विकत घ्या आणि राजधानीत दोन चार्ज, उरलेले तीन बाकीच्या तीन शहरांत. दोनच्या वर राजधानीत लावू नका, नाहीतर आधीचा धर्म तिथून पुसला जाईल.